माझा आगळा छंद : काडेपेट्यांचे छाप

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ या म्हणीला जोडून ‘व्यक्ती तितके छंद’ असे म्हटले तर वावगे होऊ नये. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, कुणी पक्ष्यांची पिसे. अशी माणसे आपल्या छंदाविषयी अभिमानाने बोलतात. माझी गोष्ट थोडी निराळी आहे. माझ्या छंदाचे नाव मी आजवर चारचौघांत फारसे घेतले नाही, कारण ते घेतले की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, “अरे, पण त्याचा उपयोग काय?” या प्रश्नाचे उत्तर मला इतकी वर्षे नीट देता आलेले नाही. वार्षिकांकाच्या निमित्ताने ते द्यायचा प्रयत्न करतो. उत्तर चुकले तर सरांनी लाल शाई चालवावी आणि मित्रांनी हसून घ्यावे.

तर वाचकहो, मी रिकाम्या काडेपेट्यांवरची चित्रे जमवतो. पुस्तकात जिला काडेपेटी म्हणतात तिला आमच्याकडे माचिस किंवा आगपेटी म्हणतात आणि तिच्यावरच्या चित्राला दुकानदार ‘छाप’ म्हणतो. आज माझ्या वहीत असे ३१२ निरनिराळे छाप आहेत. बाजारात त्यांना कुणी पाच रुपयेही देणार नाही. तरीही सुट्टीत घरी जाताना मी कपड्यांची पिशवी एक वेळ विसरेन, ही वही विसरणार नाही.

याची सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो. आमचे गाव एटापल्लीपासून चौदा किलोमीटर आत, जंगलात. घरची बोली माडिया. मराठी मला भेटली ती आश्रमशाळेत, आणि पहिल्या भेटीत आमची ओळख काही पटली नाही. सर फळ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणत, सगळी मुले तेच ओरडून म्हणत, मीही ओरडत असे. अर्थ मात्र कशाचाच लागत नसे. अशात एके दिवशी शाळेबाहेरच्या रस्त्यावर कुणा ट्रकवाल्याने फेकलेली रिकामी काडेपेटी मला सापडली. तिच्यावर एक अजब वस्तू होती. पंख पसरलेले घर असावे तशी. मी ती सरांना नेऊन दाखवली. सर म्हणाले, “जहाज.” मला कळले नाही. मग त्यांनी फळ्यावर नावेचे चित्र काढले. बंडिया नदीतला डोंगा मी पाहिलेला होता, त्यामुळे नाव कळली. सरांनी नावेवर शिडे काढली, खाली लाटा काढल्या, हात दोन्ही बाजूंना ताणून दाखवले आणि म्हणाले, “समुद्र.” अर्थ कळून शिकलेले माझे मराठीतले हे पहिले दोन शब्द : जहाज आणि समुद्र. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण तो शब्द माझा आहे.

त्या दिवसापासून मी काडेपेट्या उचलू लागलो. चित्ता, घोडा, किल्ली, गुलाब, दिवा. जे सापडेल ते सरांकडे न्यायचे आणि त्याचे नाव विचारायचे. इतर मुलांचे पाठ्यपुस्तक सरकारने दिलेले होते. माझे आणखी एक पुस्तक होते, ते रस्त्यावर सुट्या पानांनी पडलेले असे.

माझ्यासारखे वेडे जगात पुष्कळ आहेत, हे मला फार उशिरा कळले. काडेपेट्यांचे छाप जमवण्याच्या छंदाला ‘फिलुमेनी’ असे भारदस्त नाव आहे. ग्रीक भाषेतला ‘प्रेम’ या अर्थाचा आणि लॅटिनमधला ‘प्रकाश’ या अर्थाचा, असे दोन शब्द जोडून ते केलेले आहे. मार्जोरी इव्हान्स नावाच्या एका इंग्रज संग्राहक बाईंनी १९४३ मध्ये ते रूढ केले. म्हणजे मी प्रकाशप्रेमी ठरलो! हे नाव कळल्यापासून वसतिगृहातल्या मित्रांचे हसणे मला थोडे कमी बोचते.

अमेरिकेत असाच एक छंद फार मोठ्या प्रमाणावर चालतो. तिकडे बेसबॉल नावाचा चेंडू-फळीचा खेळ आहे. आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड, तेच तिकडे त्या खेळाचे. त्या खेळाडूंची चित्रे असलेली छोटी पत्ते सुरुवातीला सिगारेटच्या पाकिटांत घालीत. पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा लागायचा. त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईकही खूश, असा दुहेरी हिशेब होता. पुढे ही पत्ते च्युइंगमच्या पुडीतून मुलांच्या हाती आली. १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या एका मालिकेतले होनस वॅग्नर या खेळाडूचे पत्ते आज जगात साठाहूनही कमी उरले आहेत. आपले चित्र छापायला त्यानेच हरकत घेतली आणि छपाई थांबली, असे सांगतात. दुसरी गोष्ट याहून गमतीची आहे. टॉप्स नावाच्या कंपनीने १९५२ मध्ये काढलेली पत्ते पुरती खपली नाहीत. गोदामात जागा अडते म्हणून कंपनीने १९६० मध्ये ती पडावात भरून समुद्रात बुडवली. त्याच मालिकेतले मिकी मँटल या खेळाडूचे एक पत्ते ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरांना विकले गेले. म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १०० कोटी रुपये!

हे वाचले तेव्हा मी दोन गोष्टी समजलो. पहिली अशी की, कागदाच्या तुकड्याला मोल येते ते मुख्यतः बाकीच्यांनी तो फेकून दिल्यामुळे. सगळ्यांनी सगळे जपले असते तर कशालाच किंमत उरली नसती. ठेवणारा माणूस फेकणाऱ्यांचा ऋणी असतो. दुसरी गोष्ट अशी की, शंभर कोटींचे पत्ते घेणाऱ्याला जो आनंद होत असेल तो मला एटापल्लीच्या आठवडी बाजारात, पानठेल्यामागच्या कचऱ्यात, फुकट मिळतो. तिकडे तो लिलावात मिळतो, इकडे वाकून मिळतो, इतकाच काय तो फरक!

आता या छापांमागचा इतिहास थोडक्यात सांगतो. कारण तो कळल्यावाचून या छंदाची खरी गोडी कळत नाही.

घासून पेटणारी काडी ही इंग्लंडमधल्या स्टॉक्टन गावच्या जॉन वॉकर नावाच्या औषधविक्रेत्याची करामत. त्याने ती १८२७ मध्ये विकायला काढली. पुढे काड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस घालू लागले. ती काडी कशावरही घासली तरी पेटे. पण त्या विषारी धुराने कारखान्यातल्या कामगारांच्या जबड्याची हाडे सडत. लंडनमधल्या एका काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी १८८८ मध्ये केलेला संप इतिहासात प्रसिद्ध आहे. शेवटी १९०६ मध्ये बर्न येथे अनेक देशांनी मिळून पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालण्याचा करार केला. हिंदुस्थानातही १९१३ मध्ये तसा कायदा झाला.

आपण आज वापरतो ती ‘सेफ्टी’ काडी स्वीडनमधून आली. गुस्ताफ पाश या शास्त्रज्ञाने १८४४ मध्ये तिची युक्ती काढली. युक्ती साधी आहे : आग दोन ठिकाणी वाटून ठेवायची. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट व गंधक ठेवायचे आणि तांबडा फॉस्फरस पेटीच्या बाजूच्या घासपट्टीवर ठेवायचा. दोन्ही एकमेकांना घासल्यावाचून आग होत नाही. ही काडी भिंतीवर घासून का पेटत नाही, याचे उत्तर मला अकरावीत असताना काडेपेटीनेच दिले.

आपल्याकडे सुरुवातीला काडेपेट्या स्वीडन, जपान, ऑस्ट्रिया अशा परदेशांतून येत. गंमत अशी की, ते कारखानदार हिंदी गिऱ्हाइकासाठी पेटीवर आपल्याच देवादिकांची चित्रे छापून पाठवीत. लक्ष्मी स्वीडनहून बोटीत बसून मुंबईला उतरत होती! पुढे १९२२ मध्ये आयातीवरची जकात वाढली आणि पेट्या इकडेच बनवणे परवडू लागले. १९२३ मध्ये स्वीडिश कंपनीने इथे ‘विम्को’ ही कंपनी काढली. तिचा एक कारखाना आपल्या महाराष्ट्रात, ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथला होता. तिथल्या एका चौकाला अजून विम्को नाका म्हणतात. त्याच सुमारास तमिळनाडूतल्या शिवकाशी गावचे अय्या नाडर व षण्मुग नाडर हे दोघे भाऊबंद १९२२ मध्ये कलकत्त्याला जाऊन काड्या बनवण्याचे काम शिकून आले आणि १९२३ मध्ये त्यांनी आपल्या दुष्काळी गावात तो धंदा सुरू केला. आज शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी या गावांची नावे न वाचलेला काडेपेटी-संग्राहक सापडणार नाही. माझ्या वहीतल्या ३१२ छापांपैकी दोनशेंहून अधिक त्याच टापूतले आहेत. म्हणजे आमच्या गावातली चूल रोज सकाळी तमिळनाडूच्या काडीने पेटते. एवढ्या लांबचे नाते एवढ्याशा पेटीत मावते.

आता प्रत्यक्ष छंदाविषयी. हा छंद ज्याला करायचा आहे त्याच्यासाठी माझ्या चुकांतून शिकलेल्या काही गोष्टी सांगतो.

जुन्या पेट्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या असत व त्यांवर छापील कागद खळीने चिकटवलेला असे. असा छाप मिळाला तर तो ओढून काढू नये, फाटतो. कोमट पाण्यात पेटी अर्धा तास सोडावी, कागद आपोआप सुटून वर येतो. तो जुन्या वर्तमानपत्राच्या दोन पानांत ठेवून वर जड पुस्तके ठेवावीत. आमच्या वसतिगृहात या कामी मराठी शब्दकोशाचा फार उपयोग झाला आहे. हल्लीच्या बहुतेक पेट्या पुठ्ठ्याच्या असून चित्र थेट पुठ्ठ्यावरच छापलेले असते. ती पाण्यात घालू नये, पेटीची कड उलगडून सपाट करावी. मी आधी कात्रीने फक्त चित्र कापून घेत असे. ते चुकले. कारखान्याचे नाव-गाव बाजूला किंवा पाठीमागे असते; चित्र कापले की माणसाचा फोटो राहतो आणि पत्ता जातो.

छाप वहीत चिकटवू नये. खळीने चिकटवला की कसर लागते आणि पाठीमागचे वाचता येत नाही. पानाला चार चिरा पाडून त्यांत कोपरे अडकवावेत. वहीत कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवावीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात वही कधी जमिनीवर ठेवू नये. वाळवीला काडेपेटी आणि कादंबरी यांतला फरक कळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भरलेल्या पेट्या साठवू नयेत. हा छंद रिकाम्या पेट्यांचा आहे.

छाप लावण्याच्या रीती अनेक. मी आधी चित्रांप्रमाणे लावले : प्राणी, फुले, वाहने, देव, वस्तू. नंतर गावाप्रमाणे लावून पाहिले. प्रत्येक वेळी निराळे काही दिसते. चित्रांप्रमाणे लावल्यावर मला नक्कलखोर सापडले. चित्त्याशी झुंजणाऱ्या माणसाचा ‘चिता फाइट’ हा छाप फार खपतो. तो खपतो हे पाहून त्याच रंगाची, त्याच ढंगाची, जवळजवळ तशाच नावाची चित्रे इतरांनीही काढली. न वाचता येणारे गिऱ्हाईक चित्र पाहून माल ओळखते. म्हणून तर पेटीवर चित्र असते, आणि म्हणूनच त्याची नक्कल होते. जिथे अक्षर नाही तिथे चित्रच सही असते. माझ्या वडिलांना वाचता येत नाही. ते दुकानात जाऊन छाप पाहून पेटी घेतात. हे सारे मला पुस्तकात नव्हे, घरातच शिकायला मिळाले.

देवाणघेवाण हा या छंदातला सर्वांत रसाळ भाग. एकच छाप दोनदा मिळाला की दुसरा दुसऱ्या संग्राहकाला द्यायचा आणि त्याच्याकडचा वेगळा घ्यायचा. आश्रमशाळेत आम्ही तिघे होतो. एका कमळासाठी मी दोन घोडे आणि एक किल्ली दिली आहे. वर त्याच्या वाट्याची भांडीही दोन दिवस घासली. आता वाटते, सौदा महाग पडला. पण तेव्हा कमळ हाती आल्यावर रात्री झोप लागली नव्हती. बाजारातल्या पानठेल्याचे काका माझ्यासाठी रिकाम्या पेट्या बाजूला ठेवतात. पहिल्यांदा मात्र त्यांनी विचारले होते, “हा कचरा कायले जमा करून रायला गा?” मी वही उघडून दाखवली. त्यांनी सगळी पाने उलटली, मधे दोन गिऱ्हाइके ताटकळली, आणि शेवटी म्हणाले, “मी रोज विकतो, पन पायलं कधीच नाही.” माझ्या छंदाविषयी याहून चांगले मी काही ऐकलेले नाही.

आता एक प्रसंग सांगतो. तो सांगितल्यावाचून हा लेख खरा होणार नाही.

मी सातवीत होतो. जुलै महिना. घरी आलो होतो आणि चार दिवस पाऊस थांबला नव्हता. नाल्याला पूर, रस्ता बंद. धाकटी बहीण तापाने फणफणलेली. आईला तिच्यासाठी पेज शिजवायची होती, पाणी गरम करायचे होते. पण सरपण ओले, पाचोळा ओला, आणि पेटीत सादळलेल्या तीनच काड्या. दोन काड्या वाया गेल्या. घरात कोरडी अशी एकच वस्तू होती. माझे छाप! मी ते दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून आढ्याला टांगून ठेवले होते, थेंब लागू नये म्हणून. आईने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. तिने पिशवी काढली, चुलीत छाप रचले आणि शेवटची काडी ओढली. चूल पेटली. अठ्ठावन्न छाप होते. त्यांत ते पहिले जहाज होते.

बहिणीच्या पोटात गरम पेज गेली. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. आई माडियात म्हणाली, “चित्रं पुन्हा सापडतील.” ती चुकीचे बोलली नव्हती. जहाजाचा छाप मला पुढच्याच वर्षी पुन्हा सापडला. चित्र तेच होते. पण तो सरांना नेऊन दाखवलेला तुकडा नव्हता. चित्र एक असले तरी तुकडे दोन असतात, हे संग्राहकाला जितके कळते तितके दुसऱ्या कुणाला क्वचितच कळत असेल. उलट बाजूने पाहिले तर हेही खरे की, ज्या कामासाठी काडेपेटी जन्माला आली त्याच कामी माझे छाप आले. इतक्या संग्राहकांत हे भाग्य कितींच्या संग्रहाला लाभले असेल?

त्या रात्रीनंतर माझा छंद बदलला. तोवर मी फक्त चित्रे जमवीत होतो. त्यानंतर वही केली आणि प्रत्येक छापासमोर लिहू लागलो : नाव, कारखान्याचे गाव, रंग, कुठे सापडला, कुणी दिला, कोणती तारीख. कागद जळू शकतो; त्याच्याविषयी जे आपण समजून घेतले ते जळत नाही. माझे मराठी अक्षर आणि मराठी वाक्य या नोंदींनीच वळणावर आणले. आज बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात बसून हा लेख लिहितो आहे तो त्याच सवयीवर. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. मागे वळून पाहतो तेव्हा पायरीखाली मला या वहीचा आधार दिसतो.

नोंदी ठेवू लागलो तसे काही अप्रिय गोष्टीही कळल्या, त्या लपवणार नाही. सुंदर चित्राच्या आतल्या काड्या भरणारे हात अनेक वर्षे लहान मुलांचे होते. शिवकाशीच्या काडेपेटी कारखान्यांतल्या मुलांविषयीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, वकील एम. सी. मेहता यांच्या त्या याचिकेवर १९९६ मध्ये निकाल लागला आणि धोक्याच्या कामात मूल ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये भरपाई द्यावी असा आदेश झाला. मुलांना अशा कामावर ठेवण्यास मनाई करणारा कायदा १९८६ सालचाच होता. हे वाचले त्या दिवशी मी वही बंद करून ठेवली होती. ज्या वयात मी छाप गोळा करीत होतो त्याच वयात, माझ्या आधीच्या पिढीतले कुणी मूल त्या पेट्या भरत बसले असेल. पण वही कायमची बंद करून त्या मुलाचे काय भले होणार होते? मी पुन्हा उघडली. आता जुना छाप हाती आला की चित्राबरोबर मला ते बोटही दिसते. छंदाने माणसाचे डोळे उघडले पाहिजेत. नुसते रमवले तर ते व्यसन झाले.

आणि एक गोष्ट मात्र अशी कळली की जिने मला फार आनंद दिला. काडेपेटीच्या काडीसाठी मऊ, हलके, सरळ फाटणारे लाकूड लागते. आपल्या देशात त्यासाठी पूर्वापार वापरलेले एक मुख्य झाड म्हणजे सावर. पानगळीनंतर लाल फुलांनी पेटल्यासारखी दिसणारी आपली काटेसावर. एटापल्लीहून आलापल्लीकडे जाताना ती कुणी पाहिली नसेल? आता माझे आजोबा जन्मभर चकमक वापरीत. गारगोटीवर लोखंडाचा तुकडा आपटायचा, ठिणगी कापसावर पाडायची आणि फुंकर घालायची. आणि तो कापूस कशाचा? सावरीच्या बोंडाचा! म्हणजे आजोबांची आगही सावरीची आणि नातवाची काडेपेटीही सावरीची. मधे जॉन वॉकर आला, स्वीडन आले, शिवकाशी आली. झाड तेच राहिले. ज्या वस्तूला मी बाहेरच्या जगातून आलेली पाहुणी समजत होतो तिचे मूळ माझ्या अंगणाशी निघाले. आजोबांची चकमक आता वहीशेजारी एका डबीत आहे. संग्रहातली ती एकमेव बिनछापाची वस्तू.

कुणी म्हणेल, काडेपेटी, चकमक, असल्या घरगुती वस्तू जपून काय होणार? त्याला मी पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचे नाव सांगेन. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणाऱ्या या गृहस्थांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे, दरवाजे, भांडी अशा रोजच्या वस्तू जमवल्या. तुम्हा-आम्हा घरी ज्या अडगळीत जातात त्या. आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र सरकारच्या हवाली केले. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत. राजेरजवाड्यांचा इतिहास बखरीत राहतो. पण सुपारी कशी कातरली, दिवा कसा लावला, हा इतिहास अशा वेड्यांमुळे राहतो. काडेपेटीचेही दिवस आता थोडेच उरले असावेत. गॅसच्या शेगडीला लायटर आले. २००७ मध्ये पन्नास पैशांची पेटी एक रुपयाची झाली; त्यानंतर चौदा वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, ती दोन रुपयांची झाली. परदेशी स्वस्त लायटरांनी धंदा बुडतो आहे, अशी काडेपेटीवाल्यांची ओरड होती; म्हणून २०२३ मध्ये सरकारने वीस रुपयांहून कमी किमतीच्या लायटरांच्या आयातीवर बंदी घातली. एवढी धडपड चालू आहे, यावरूनच वस्तू जाण्याच्या वाटेवर आहे हे समजावे. जाणारी वस्तू जाताना कुणीतरी तिचे नाव लिहून ठेवले पाहिजे.

आमच्या भागाविषयी तर हे अधिकच खरे आहे. आपल्या बोलीतले शब्द, शिकारीची साधने, मासे धरण्याच्या बांबूच्या वस्तू, आजीच्या गळ्यातल्या माळा; हे सारे डोळ्यांदेखत कमी होते आहे आणि आपण ‘उपयोग काय’ म्हणून सोडून देतो आहोत. माझी आपल्या महाविद्यालयाला नम्र सूचना आहे : ग्रंथालयात एक काचेचे कपाट विद्यार्थ्यांच्या संग्रहासाठी द्यावे. पहिल्या खणासाठी माझी वही आणि चकमक मी द्यायला तयार आहे. बाकीचे खण तुम्ही भरा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. माझे वडील हाच प्रश्न मला अनेकदा विचारीत. ‘एवढा शिकला आणि कागद वेचतो,’ असे ते म्हणत, आणि त्यांच्या जागी ते बरोबर होते. गेल्या उन्हाळ्याआधी ते दरवर्षीप्रमाणे मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. परतले तेव्हा मजुरीचे पैसे आईच्या हाती दिले, बहिणीला बांगड्या दिल्या आणि सदऱ्याच्या खिशातून एक चेपलेली रिकामी काडेपेटी काढून माझ्यापुढे धरली. तिच्यावर तेलुगू अक्षरे होती. त्यांना ती वाचता येत नव्हती, मलाही नाही.

“हा तुझ्याकडे आहे का?” त्यांनी विचारले.

नव्हता. वहीत आता तो ३१२ वा आहे. ‘कुणी दिला’ या रकान्यात मी ‘बाबा’ असे लिहिले आहे. उपयोग काय, हे ज्याला अजूनही विचारायचे असेल त्याने वसतिगृहात येऊन ते पान पाहावे.

आणि हो, येताना घरची रिकामी काडेपेटी घेऊन यावी.